फर्गसची बायको

प्रिय मंगे,

दिवाळीपासून पत्र नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गुडघा बरा, साखर तशीच.

घोळ केलाय. सूनबाईच्या माहेरची ती स्कॉटलंडची पूर्वज, देर्व्होर्गिला, आठवते ना? नवरा 1268 मध्ये गेला, तर त्याचं काळीज हस्तिदंती डबीत घालून जवळ बाळगणारी. ("जिवंतपणी एवढं जपलं होतं का गं?" इति तू.) तिची वंशावळ मी विहीणबाईंना मोठ्या तोऱ्यात करून दिली. त्यांनी चौकट करून दिवाणखान्यात लावली.

आईकडची बाजू पक्की. आई मार्गारेट, तिचे वडील हंटिंग्डनचे अर्ल डेव्हिड, स्कॉटलंडच्या विल्यम राजाचे सख्खे भाऊ. त्याच नात्यावर देर्व्होर्गिलेचा मुलगा 1292 मध्ये स्कॉटलंडच्या गादीवर बसला. बापाकडे ॲलन, मग रोलंड, उख्त्रेद, गॅलोवेचा (म्हणजे नैर्ऋत्य स्कॉटलंडचा) फर्गस. बाप्ये सगळे हजर! फर्गसच्या बायकोपुढे मी लिहिलं 'एलिझाबेथ, इंग्लंडच्या पहिल्या हेन्री राजाची अनौरस मुलगी'. बघावं तिथे तेच होतं.

परवा मुळाशी गेले. 1174 मध्ये उख्त्रेदला त्याच्या भावाच्या माणसांनी हालहाल करून मारलं. तेव्हा पहिल्या हेन्रीचा नातू, राजा दुसरा हेन्री, उख्त्रेदला आपला रक्ताचा नातलग म्हणतो, असं त्या काळच्या बखरकाराने, हाऊडनच्या रॉजरने, लिहिलंय. रॉजरला राजानेच गॅलोवेला धाडलं होतं, त्यामुळे ऐकीव म्हणून झटकता येत नाही. पहिल्या हेन्रीची अनौरस पोरं वीसच्या वर, म्हणजे फर्गसची बायको त्यातली एक असेलही. पण नाव? त्या काळच्या एकाही कागदात नाही गं.

हो, पुन्हा तेच. कुलवृत्तांतात पणजीच्या माहेरच्या नावाची जागा मोकळी दिसते म्हणून मी 'यमुना' ठोकून दिलं, आणि तू तीन महिने बोलली नाहीस. "मोकळी ठेवली असतीस तर कुणी शोधलं तरी असतं," म्हणालीस. ते आज कबूल. पण त्याच भांडणात सगळे बटाटेवडे तू एकटीने संपवलेस, ते माफ नाही.

खरी पंचाईत पुढेच आहे. मार्चमध्ये नात येतेय आणि पोरांनी नाव ठरवलंय एलिझाबेथ. चौकटीत बघून! काल दोनदा फोन हातात घेतला आणि हवापाणी विचारून ठेवला. आधी सूनबाईला सांगू की विहीणबाईंना? की बारशापर्यंत गप्प बसू? तू काय म्हणशील ते माहीत आहे, तरी लिही.

मुलाच्या बदलीचं काय झालं? लोणचं पोचलं, फार खारट.

तुझी,
नलू