झेरॉक्सच्या दुकानातल्या ताईंना

ताई, नमस्कार.

२०२४ च्या जूनमधली ती दुपार तुम्हाला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. नागपुरात मानेवाड्याच्या तुमच्या दुकानात दिवसभर माणसं कागद घेऊन येतात. वीजबिलाच्या तक्रार अर्जाच्या तीन प्रती काढायला आलेला आणि तोंडाचा पट्टा सोडलेला म्हातारा तो मी. "एका महिन्यात ६२० युनिट! घरात काय गिरणी लावली आहे का?" असं मी तुमच्या दुकानातल्या सगळ्यांना विचारत होतो.

अर्ज रात्री जागून लिहिला होता. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेला, त्यामुळे भाषा जरा पानिपतावरची झाली होती. तुम्ही प्रती काढता काढता बिलावर नजर टाकली आणि म्हणालात, "काका, भांडण कोणाशी करून राहिले तुम्ही? बिल तर दोन महिन्यांचं आहे."

मीटर आमच्या जाळीच्या आत. मे महिन्यात रीडिंगच्या दिवशी आम्ही दोघं अमरावतीला लग्नात, दाराला कुलूप. त्या महिन्याचं बिल सरासरीने आलं, आणि सरासरी आधीच्या थंड महिन्यांची, म्हणून कमी. मी ते खुशीत भरलं आणि विसरलो. जूनमध्ये खरं रीडिंग मिळालं तेव्हा राहिलेला सगळा वापर एकदम अंगावर आला. बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग, मीटरची स्थिती, आधी भरलेल्या सरासरी बिलाची वजावट, सगळं छापलेलं होतं. मी फक्त खालचा आकडा वाचला होता.

मग तुम्ही माझ्याच अर्जाच्या पाठीवर हिशोब मांडलात. तेव्हाच्या दराने पहिले १०० युनिट ४.७१ ने, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९ ने, ५०० पर्यंत १४.५५ ने, त्यापुढे १६.६४ ने. ६२० युनिट एका महिन्याचे धरले तर नुसता वीज आकार ७,४३५ रुपये ८० पैसे. पण दोन महिने म्हटल्यावर प्रत्येक टप्पा दुप्पट रुंद होतो, आणि तोच आकडा ५,३४९ वर येतो. बिलात ५,३४९ च लावले होते. माझा अर्ज मंजूर झाला असता तर काय मागत होतो मी, देव जाणे.

त्याच हिशोबात माझा आणखी एक जुना गैरसमज गेला. ३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग दराने धरतात, असं मी समजून होतो. आमच्या गल्लीत अजूनही निम्मी माणसं हेच सांगतात. या भीतीपायी नवतप्यातही, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांतही, आम्ही दुपारी कूलर बंद करून घामाच्या धारांत बसायचो, आणि रात्री एसी सहा तास. तुम्ही हसलात. कूलर चार-पाच तासांत एक युनिट खातो, दीड टनाचा एसी तासाभरात दीडच्या आसपास. म्हणजे आम्ही मुंगीला हाकलून हत्तीला जेवू घालत होतो.

आणि ४.७१ हासुद्धा खरा दर नव्हता, हे तुम्हीच दाखवलंत. त्यावर युनिटमागे १.१७ वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, मग त्या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. झाले ६ रुपये ८२ पैसे, स्थिर आकार आणि इंधन समायोजन वेगळंच. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्या इथून दिसतात, म्हणून आपल्याला वीज स्वस्त पडावी हा माझा मुद्दा मात्र मी अजून सोडलेला नाही.

मुंबईचे साळेबुवा फोनवर सारखे म्हणत होते, "कंपनी बदला." नागपुरात घरगुती ग्राहकाला बदलायला दुसरी कंपनी आहे कुठे! तुम्ही म्हणालात, इथे बदल करायचाच तर छतावर सोलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पण आमच्या छतावर शेजारच्या आंब्याची सावली, आणि आंबा तोडा म्हणायची माझी छाती नाही.

तुमची शिकवण कामाला आली ती मुलीच्या. ती अंधेरीला राहते. तिथे मात्र अदानी आणि टाटा असे दोन पर्याय, तारा एकाच्या आणि वीज दुसऱ्याची असंही चालतं. तीही पहिल्या टप्प्याचा दर पाहून अर्ज भरायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. वर्षभराची बारा बिलं काढ, प्रत्येक महिन्याचे युनिट दोन्हीकडच्या टप्प्यांत घाल, मग वहन आकार, स्थिर आकार आणि कंपनी बदलल्यावर लागणारा अधिभार मिळव. पहिला टप्पा स्वस्त असून उन्हाळ्यात, वरच्या टप्प्यात, गणित उलटू शकतं. तिची नऊ बिलं सापडली आहेत, तीन शोधणं चालू आहे. जावई म्हणतात, बाबा एवढे हुशार कधी झाले? तुमचं नाव मी सांगितलं नाही, माफ करा.

अर्जाच्या त्या तीन प्रती जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या कोऱ्या पाठीवर दर एक तारखेला सकाळी मीटरचं रीडिंग लिहितो. बाहेरगावी जायचं झालं तर जाळीची किल्ली शेजारी ठेवतो. प्रतींचे पैसे त्या दिवशी तुम्ही घेतले नव्हते, ते द्यायला सोमवारी येतो. बिलही आणतो सोबत, इंधन समायोजनाची ओळ अजून नीट कळलेली नाही.

तुमचा,
जाळीच्या आत मीटर असलेला काका