पित्ताशय काढलं, पुढचं कोण सांगणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन भारतात पहिल्यांदा झालं ते आपल्या मुंबईतच, १९९० साली जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांच्या हातून. माझंही गेल्या वर्षी झालं. दुसऱ्या दिवशी घरी आले, टाक्यांचा त्रास नाही. माझी तक्रार आहे ती डिस्चार्ज कार्डाबद्दल. त्यावर गोळ्या, टाक्यांची तारीख आणि ‘तेलकट टाळा’ एवढंच होतं.

मी भांडुपहून फोर्टला नोकरीला जाते. ऑपरेशननंतर नाश्ता केला की थोड्याच वेळात पाण्यासारखे जुलाब सुरू व्हायचे, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. मी उपाशीपोटी गाडीत चढायला लागले. कोणी म्हणालं गॅस, कोणी म्हणालं टेन्शन. दर वेळी अँटिबायोटिकचा नवा कोर्स, त्याने पोट आणखी बिघडे, मग प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल.

अखेर एका पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी कागदावर आतडं काढून समजावलं. यकृत रोज अर्धा लिटरहून जास्त पित्तरस तयार करतं. पित्ताशय तो साठवून जेवणाच्या वेळी सोडतं. पित्ताशय गेलं की तो दिवसभर आतड्यात ठिबकत राहतो. त्यातली सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जातात. उरलेली मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांचं रूप बदलतात. ती प्रमाणाबाहेर झाली की आतड्यात पाणी सुटतं आणि जुलाब होतात. म्हणजे माझ्या पोटात जंतुसंसर्ग नव्हताच!

बहुतेकांना असा त्रास होत नाही, पण दहांत एक-दोघांना होतो. त्यावर औषधही आहे. कोलेस्टिरामिनची पूड पाण्यातून घ्यायची, ती पित्ताम्लांना धरून ठेवते. मात्र ती इतर औषधंही धरून ठेवते. मला थायरॉइडची गोळी असल्याने दोन्हींच्या वेळा लांब ठेवाव्या लागतात, हे डॉक्टरांनीच ठरवून दिलं. सोबत थोडंथोडं खाणं, तळण कमी आणि इसबगोल. जुलाबात इसबगोल कसलं, असं सासूबाई म्हणाल्या. पण ते पाणी शोषून मल घट्टही करतं. आता मी पोहे खाऊन गाडी पकडते.

हे सगळं अर्ध्या पानात मावतं. पालिकेच्या असोत वा खाजगी, रुग्णालयांनी ते साध्या मराठीत छापून डिस्चार्ज कार्डाला जोडावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ताप, कावीळ, पोटात जोराची कळ, शौचातून रक्त किंवा घटतं वजन, यांपैकी काही दिसलं तर घरगुती उपाय करत न बसता ताबडतोब यावं, हेही त्यावर ठळक हवं. आणि फोन कोणत्या नंबरवर करायचा तेही.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व), मुंबई