आरोग्य केंद्र कसं चाललंय, हे कोणी बघतं का?

संपादक महोदय,

पेपर उघडला की कुठे ना कुठे नवीन वॉर्डाचं नाहीतर नवीन मशीनचं उद्घाटन दिसतं. आनंदच आहे, कारण गोव्यात सरकारी दवाखाना घरापासून फार लांब नसतो आणि हे सगळ्या राज्यांच्या नशिबात नाही हे मला माहीत आहे. पण फीत कापून झाल्यावर ते केंद्र रोज चालतं कसं, कोण चालवतं आणि नीट चालवतं की नाही हे तपासायची काय सोय आहे, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतोय म्हणून हे पत्र.

माझ्या आईला शुगर आणि प्रेशर दोन्ही आहे, त्यामुळे आमच्या भागातल्या एका सरकारी केंद्रात आमचं नेहमीचं जाणं. तिथले डॉक्टर चांगले, सिस्टर तर घरच्यासारख्या विचारपूस करतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगते. पण इन्सुलिन घ्यायला खिडकीवर गेलं की अधूनमधून एकच उत्तर, स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात बघा. कधी येणार विचारलं तर तो मुलगा बिचारा खरं सांगतो, आम्ही इंडेंट म्हणजे मागणीचा कागद पाठवला आहे, वर कुठे अडकलाय आम्हाला पण कळत नाही. मग बाहेरून विकत घ्यायचं, ज्यांना जमतं ते घेतात आणि ज्यांना जमत नाही ते डोस अर्धा करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय, शेजारच्या वाड्यावरच्या एक मावशी तसं करत होत्या आणि पायाची जखम चिघळल्यावर घरच्यांना कळलं. गावातला पसरकार सुद्धा साखरेचं एक पोतं संपायच्या आधी दुसरं मागवतो, मग शुगरचे पेशंट किती आणि महिन्याला इन्सुलिन किती लागतं हे रजिस्टरमध्ये लिहिलेलं असताना औषध संपतंच कसं? केंद्र सरकारच्या हिशेबाने प्राथमिक आरोग्य केंद्रात १७२ औषधं असायला पाहिजेत, सरकारी दवाखान्यांसाठीच्या २०२२ च्या आयपीएचएस मानकात तसं दिलं आहे. त्यातली आज किती आहेत हे पेशंटला कुठेच लिहिलेलं दिसत नाही.

दुसरं म्हणजे रेफर, म्हणजे पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात पाठवणं. सोनोग्राफीचं मशीन आहे पण बघणारे डॉक्टर ठराविक वारीच, मग चिठ्ठी बांबोळीची, म्हणजे तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजची, आपल्या गोमेकॉची. म्हणजे डिचोलीहून पणजी, पणजीहून परत दुसरी बस, सोबतच्या माणसाचा दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच. आणि गोमेकॉत पोचल्यावर तिथे अख्खा गोवा, वर सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे लोक. तिथल्या गर्दीवर सगळे बोलतात पण ती गर्दी तालुक्यातून पाठवली जाते यावर कोण बोलत नाही. खरंच गंभीर पेशंट पाठवायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण कुठला पेशंट आजार मोठा म्हणून गेला आणि कुठला मशीन बंद, डॉक्टर रजेवर, किट संपलं म्हणून गेला, हे महिन्याच्या शेवटी वेगळं काढून बघितलं तर त्या केंद्राचा कारभार कसा आहे ते लगेच कळेल. त्याला नवीन सॉफ्टवेअर पण नको, पाठवलेला प्रत्येक पेशंट रजिस्टरमध्ये असतोच, पुढे कारणाचा एक रकाना हवा आणि बेरीज करायला एक माणूस.

आता हे करणार कोण? आपल्याकडे केंद्राचा प्रमुख म्हणजे आरोग्य अधिकारी, आणि तोच डॉक्टर. सकाळी ओपीडी, मग डेंग्यू मलेरियाची मीटिंग, घरांचे एनओसी, बांधकामावरच्या मजुरांची हेल्थ कार्डं, कंत्राटी स्टाफच्या रजा, पाण्याचा पंप बिघडला तर त्याचं पत्र पण तोच लिहिणार. एमबीबीएसला स्टोअर कसं सांभाळायचं, ड्युटी कशी लावायची हे कोण शिकवतं? तरी बरेच जण मनापासून करतात, पण त्यांचं मोजमाप कशावर होतं? वर्षाच्या शेवटी त्यांचा जो रिपोर्ट वर जातो त्यात औषध किती दिवस नव्हतं, पेशंट किती वेळ ताटकळले हे असतं का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्रत्येक राज्याने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं वेगळं केडर, म्हणजे त्याच कामासाठी तयार केलेल्या अधिकाऱ्यांचा गट करावा असं लिहिलं आहे, २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या मार्गदर्शक सूचना पण काढल्या. मला वाटतं आपल्या इवल्याशा राज्यात ते सगळ्यात आधी व्हायला हवं होतं.

कारभार म्हणजे नुसती कागदं असं कोणाला वाटत असेल तर २०२१ चा मे महिना आठवावा. ११ मेच्या पहाटे गोमेकॉत २६ कोविड रुग्ण गेले, आरोग्यमंत्र्यांनीच रात्री २ ते सकाळी ६ ही वेळ सांगितली होती आणि मुख्यमंत्र्यांनी सांगितलं होतं की राज्यात ऑक्सिजनचा तुटवडा नाही, सिलिंडर वेळेवर वॉर्डात पोचायला अडचण आहे. म्हणजे ऑक्सिजन राज्यात होता आणि खाटेपर्यंत येत नव्हता. हायकोर्टाला मध्ये पडावं लागलं आणि काही दिवसांत २० हजार लिटरची टाकी बसली. ती माणसं कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा होती हो, त्यांची आठवण काढताना अजून पोटात कालवतं.

आणि आपल्याला जमत नाही असंही नाही. हार्ट अटॅकसाठीचा स्टेमी प्रकल्प बघा, छातीत दुखलं म्हणून माणूस जवळच्या सरकारी केंद्रात गेला की तिथेच ईसीजी काढतात, तो मोबाईलवरून गोमेकॉच्या हृदयरोग तज्ज्ञांकडे जातो, त्यांनी सांगितलं की गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथल्या तिथे देतात आणि मग पुढे हलवतात. डॉक्टर तेच, सिस्टर त्याच, इमारत पण तीच. फरक एवढाच की कोणी काय करायचं हे ठरलेलं आहे आणि किती मिनिटात झालं हे बघितलं जातं. हीच शिस्त शुगर प्रेशरच्या गोळ्यांना का लागू नये?

औषधांचं म्हणाल तर तामिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी सरकारी महामंडळ काढलं, तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, आपल्या वाट्याचे पैसे किती, माल किती उचलला, बाकी किती हे त्यात कळतं. तीसेक वर्षं जुनी व्यवस्था आहे ही, कोणीही जाऊन बघून यावी.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक केंद्राच्या दारात दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक फलक लागावा, गेल्या महिन्यात कुठलं औषध किती दिवस नव्हतं, कुठलं मशीन बंद होतं, बांबोळीला किती पेशंट पाठवले आणि त्यातले सोय नाही म्हणून किती. केंद्राचा कारभार बघणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची मीटिंग झाली का आणि त्यात काय ठरलं ते पण तिथेच लावावं, कारण ही समिती आहे हे सुद्धा आमच्याकडे बऱ्याच लोकांना माहीत नाही, पंचांना विचारलं तर ते पण नीट सांगत नाहीत. ज्या केंद्राचे आकडे वाईट येतील तिथल्या डॉक्टरला लगेच झापू नये, आधी त्याला काय कमी पडलं ते विचारावं, नाहीतर आकडे लपवायची सवय लागेल आणि फलक लावून काही उपयोग राहणार नाही.

आरोग्य खात्याने हे करेपर्यंत तुमच्या पेपरने एक करावं ही विनंती. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा औषधाच्या खिडकीवर जाऊन इन्सुलिन, प्रेशरच्या गोळ्या आणि कुत्रं चावल्यावरची लस आहे का एवढंच विचारावं आणि तालुक्याप्रमाणे छापावं. आमच्या भागातली माहिती द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, डिचोली तालुका