गाभडलेल्या मेंढीची वार प्रयोगशाळेत पोहोचू द्या

मा. पशुसंवर्धनमंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी जनावरांचा डॉक्टर. एका कळपात दिवस भरायला दोन-तीन आठवडे उरले असताना मेंढ्या एकामागून एक गाभडल्या. मी पोहोचेपर्यंत वार कुत्र्यांनी ओढून नेली होती. मग रक्त काढून ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जंतूच्या तपासणीसाठी पाठवले. अहवाल ‘निगेटिव्ह’ आला आणि फाइल बंद झाली.

चार दिवसांनी आणखी एक गाभडली, तेव्हा वार हाती लागली. कातड्यासारखी जाड, गाठींच्या मधल्या पडद्यावर विटकरी चिकटा. असे दिसले की मेंढ्यांना गाभडवणारा दुसरा जंतू, क्लॅमिडिया अबॉर्टस, आठवायलाच हवा. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. वारेचा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पातळ थर, सुधारित झील-नील्सन या रंगवण्याच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की लाल ठिपक्यांचे पुंजके दिसतात, आणि क्यू फीव्हर या रोगाचा जंतू कॉक्सिएलाही जवळपास तसाच दिसतो. क्लॅमिडिया जिवंत पेशीतच वाढतो. त्यामुळे नेहमीच्या कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्यात) ‘काही आढळले नाही’ या शेऱ्याला काडीची किंमत नाही. रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी जुनी काँप्लिमेंट फिक्सेशन चाचणीही फसवते: आतड्यात बिनबोभाट राहणाऱ्या क्लॅमिडिया पेकोरममुळेसुद्धा ती पॉझिटिव्ह येऊ शकते.

म्हणून मागणी एवढीच, की गर्भपाताच्या प्रत्येक तपासणीत वारेचा तुकडा, ती नसेल तर दोन-चार दिवसांच्या आत घेतलेला योनीतील स्वॅब, बर्फात ठेवून पीसीआरला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला, जावा. ब्रुसेला निगेटिव्ह आला म्हणून तपास तिथेच थांबू नये. नमुना नेण्याचा खर्च मेंढपाळाच्या माथी मारू नये. नाहीतर तो वार पुरून मोकळा होईल, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा?

घाई अशासाठी, की यंदाच्या वेतात लागण झालेली मेंढी बहुधा पुढच्या वेतात गाभडते. मधल्या काळात ती धडधाकट दिसते, विकली जाते आणि दुसऱ्या कळपात रोग घेऊन जाते. लांबणीवर पडलेले निदान असे पाय फुटल्यासारखे पसरते. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने काही गर्भ वाचतात, पण जंतू पुरता जात नाही.

आणखी एक. त्या कळपात मेलेली कोकरे उघड्या हातांनी उचलत होती ती घरची सून, पाच महिन्यांची गरोदर. या जंतूने गरोदर बाईचाही गर्भ जाऊ शकतो, कधी जिवावरही बेतते. मी तिला लांब राहायला सांगितले. तिच्या सासूने विचारले, “रिपोर्ट कुठाय?”

आपला,
एक पशुवैद्यक