मचाण सोडल्यावर

ऱ्हाइनलँडर, विस्कॉन्सिन, अमेरिका
डिसेंबर

ती. आबांस शिरसाष्टांग नमस्कार.

इकडं सगळे खुशाल आहोत. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, एवढं जंगल असून हरणं मिळेनाशी कशी झाली? तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

राज्याच्या दक्षिणेला, शेतीच्या पट्ट्यात, हरणं अजून उदंड आहेत. २००० साली सगळ्या राज्यात मिळून सहा लाखांवर हरणांची शिकार झाली होती. आमच्या उत्तरेकडं मात्र गोष्ट वेगळी. २०१३-१४ चा हिवाळा इतका लांबला की गाभण माद्या खंगल्या आणि त्यांची पाडसं जगली नाहीत. त्या वर्षी उत्तरेच्या बऱ्याच जिल्ह्यांत मादी मारायचा परवानाच निघाला नाही. इथं हिवाळ्याला चक्क गुण देतात: १ डिसेंबर ते ३० एप्रिल, जमिनीवर दीड फूट बर्फ असेल त्या दिवसाचा एक गुण, पारा उणे १८ किंवा त्याखाली गेला तर आणखी एक. बेरीज ८० झाली की हिवाळा कडक. भरीला जंगलही जून झालंय. मोठ्या झाडांच्या सावलीत कोवळं काही उगवत नाही, मग हरणानं खायचं काय?

लोक लांडग्यांवर खापर फोडतात. लांडगे हरणं खातातच, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये परवान्यावर ११९ लांडगे मारायचे ठरले असताना तीन दिवसांच्या आत २१८ मारले गेले, हे मला मुळीच पटलं नाही.

आमचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, कागद गिरणीतून निवृत्त झालेले. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम उघडतो. वडिलांनी बांधलेल्या मचाणावर जाऊन बसायचं, समोर मक्याचा ढीग टाकायचा, दुपारी जेवायला घरी यायचं, हा त्यांचा शिरस्ता. ढिगापाशी लावलेल्या कॅमेऱ्यात हरणं दिसायची, पण सगळी मध्यरात्रीची. माणूस कुठं बसतो आणि कधी उठतो, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्यात हरणांना मेंदूचा एक असाध्य रोग आलाय. २००२ पासून तो या राज्यात आहे. एका जागी तोंडं घातली की लाळेतून पसरतो, म्हणून तो सापडलेल्या जिल्ह्यांत मका टाकायला बंदी येते. शेजाऱ्यांनी ढीग बंद केला आणि मचाणही सोडलं.

आता ते आधी जंगल वाचतात. मी त्यांच्याबरोबर हिंडतो. दहा-बारा वर्षांपूर्वी झाडं तोडलेल्या जंगलाच्या पट्ट्यात कोवळे फुटवे असतात, तिथं त्यांनी मला एक डहाळी दाखवली. टोक चिंध्या झाल्यासारखं फाटलेलं होतं. हरणाला आपल्या गाई-म्हशींसारखेच वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळं ते चावून तोडत नाही, ओढून तोडतं. शेजारच्याच डहाळीचा तिरका, सुरीनं कापल्यासारखा काप होता, तो सशाचा. पुढं बर्फात बसल्याची लांबट खळगी होती. तळाचा बर्फ वितळून पुन्हा गोठलेला, म्हणजे जनावर उठून बराच वेळ झालेला. नुसत्या खुरांवरून एवढं कळलं नसतं.

ताजा, मऊ बर्फ पडला की ते माग काढत जातात. चार पावलं टाकायची, थांबायचं, कानोसा घ्यायचा. वारा तोंडावर हवा, पाठीवर आला तर परत फिरायचं. कडाक्याच्या थंडीत बर्फ पायाखाली करकरतो, तेव्हा चालण्यात अर्थ नसतो. मग पाणथळ जागेच्या कडेला दिवसभर बसायचं, दुपारीसुद्धा. बाकीचे जेवायला उठून चालू लागतात आणि त्यांच्या हालचालीनं हरणं जागा बदलतात, तीच वेळ साधायची. चार-पाच जणांनी मिळून रान उठवत हरणं पुढं हाकायची जुनी पद्धतही परत आलीय. अंगात भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी जाकीट हवंच, तसा कायदा आहे.

यंदा त्यांच्याकडं मादीचा परवाना होता. टप्प्यात मादी आली, शेजारी पाडस होतं. त्यांनी बंदूक खाली घेतली. "हिची पुढच्या वर्षी जंगलाला गरज आहे," एवढंच म्हणाले. त्यांच्याविषयीचा माझा आदर तिथं दुणावला. हरणं कमी झाली तर शिकाऱ्यानं कष्ट वाढवावेत आणि हाव कमी करावी, असं मला मनापासून वाटतं.

शेवटच्या दिवशी त्यांना एक नर मिळाला. आमचा वाटा फ्रीझरमध्ये आहे. आईला सांगा, रोगाच्या तपासणीचा निकाल आल्याशिवाय शिजवणार नाही.

आबा, राधानगरीच्या बाजूनं आपल्या उसात गवे उतरायचे, तेव्हा त्यांची वाट तुम्ही कशावरून ओळखायचा? वारा बघायचा की नुसता चिखलातला खूर? शेजाऱ्यांना फार उत्सुकता आहे. सवडीनं सांगा, मी त्यांना इंग्रजीत लिहून देईन.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
संजू