लेकरू रडत नाही म्हणून सगळे खूश होते

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. म्हणजे तुमच्या खात्याची नव्हे, महिला व बालविकासची. पण गावात लेकरू आजारी पडलं की खातं कुणी विचारत नाही. हे पत्र मात्र मी सेविका म्हणून कमी आणि आई म्हणून जास्त लिहिते आहे.

माझी मुलगी चौदा दिवसांची असताना आशाताई वजन करायला आल्या आणि म्हणाल्या, "हिचे पाय इतके गार का लागतात?" पोरगी दूध ओढताना घामाघूम व्हायची. तालुक्याच्या डॉक्टरांना जांघेतली नाडी लागेना. पुढे इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं की महाधमनी एका जागी चिंचोळी झाली आहे. तेविसाव्या दिवशी मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, सरकारी योजनेतून. आमचा एक रुपया लागला नाही. ज्या सर्जननी अक्रोडाएवढ्या हृदयाशेजारी टाके घातले, त्यांच्या पायावर आजही डोकं ठेवीन. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

नऊ दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. नळी काढल्यावर रडली, तर आवाजच नाही. तोंड उघडलेलं, चेहरा लाल, आणि मांजरीच्या पिल्लाएवढा घोगरा सूर. "नळीची सूज आहे, उतरेल," असं सांगितलं गेलं आणि घरी सोडलं. गावात बाया बघायला आल्या. म्हणाल्या, "लई गुणाचं लेकरू गं, रडतच नाही." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग चार महिन्यांत तीनदा न्यूमोनिया. दूध पाजलं की ठसका, ओठ निळसर. दर वेळी वाफ, अँटिबायोटिक आणि एकच वाक्य: हृदयाचं पोर आहे, असं होणारच. छातीवरचा व्रण दिसला की सगळ्यांची नजर हृदयावरच थांबायची. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी नाकातून बारीक लवचिक दुर्बीण घातली. भूल नाही, दोन-तीन मिनिटांचं काम. डावी स्वरपट्टी हलतच नव्हती. गिळताना श्वासाची वाट नीट बंद होत नव्हती आणि थोडं थोडं दूध फुप्फुसात जात होतं. चार महिने.

त्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. डाव्या स्वरपट्टीला हलवणारी नस गळ्यात सरळ येत नाही. ती आधी छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि मग परत वर जाते. माझ्या मुलीचे टाके पडले ते या नसेच्या अगदी शेजारी. कुशल हातांकडूनही ती नस ताणली जाते, दुखावते. बऱ्याच मुलांत काही महिन्यांत ती सावरते, काहींत नाही. ती सावरेपर्यंत लेकराला जपायचं कसं, हे कुणीतरी आईला सांगायला हवं. आम्हाला ते तेव्हाच कळलं: दूध किती दाट करायचं, कुठल्या कुशीवर धरून पाजायचं, ठसका लागला तर कधी थांबायचं. त्यानंतर न्यूमोनिया झाला नाही.

त्याच डॉक्टरांच्या वऱ्हांड्यात दुसरं एक बाळ होतं, गळ्याला भोक पाडून नळी बसवलेलं. त्याचीही कहाणी हृदयाच्या ऑपरेशनपासूनच सुरू झालेली. नवजात बाळाची श्वासाची वाट स्वरपट्ट्यांच्या खाली साधारण चार मिलिमीटरची असते आणि तिथे कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, पूर्ण बंद कडं असतं. सूज बाहेर पसरू शकत नाही, आतच येते. चौफेर एक मिलिमीटर सूज आली की वाट उरते पाव. व्हेंटिलेटरची नळी मापाने थोडी मोठी असली किंवा फार दिवस राहिली की तिथे व्रण होऊन वाट कायमची आवळू शकते. डाउन सिंड्रोम या जन्मजात जनुकीय दोषाच्या बाळांची ही वाट मुळातच अरुंद, आणि हृदयदोषही त्यांच्यातच जास्त. त्या बाळाच्या आईला भीती होती ती लाइट जाण्याची. कफ ओढायचं मशीन विजेवर चालतं आणि त्यांच्या गावात रात्री भारनियमन. पायाने चालवायचा पंपही मिळतो, हे तिला दुसऱ्याच एका पेशंटच्या मामाने सांगितलं.

साहेब, आपल्या देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यांची गाडी वर्षातून दोनदा माझ्या अंगणवाडीत येते आणि हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. शोधायची व्यवस्था झाली, ऑपरेशनचे पैसे देण्याची झाली. पण पोरगी दवाखान्याच्या दारातून बाहेर पडली की तिचा गळा कुणाच्याच यादीत नसतो.

माझं मागणं मोठं नाही. ज्या बाळाचं ऑपरेशन महाधमनीच्या कमानीजवळ झालं, किंवा नळी काढून काही दिवस उलटले तरी ज्याचा आवाज परतला नाही, त्याच्या स्वरपट्ट्या घरी सोडण्याआधी दुर्बिणीने बघाव्यात आणि तो खर्च ऑपरेशनच्याच पॅकेजमध्ये धरावा. आवाज घोगरा नसला तरी दूध पिताना ठसका असेल तर तेही पुरे समजावं. गळ्याला नळी घेऊन घरी जाणाऱ्या बाळासोबत मशीन, पायपंप आणि जादा नळी सरकारने द्यावी, आणि घरातल्या दोन माणसांना हाताने करून दाखवल्याशिवाय त्यांना सोडू नये. एकाच माणसाला शिकवलं तर ते माणूस झोपायचं कधी? जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्पीच थेरपिस्टचं, म्हणजे बोलण्या-गिळण्याचे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचं, पद असतं. ते भरलेलं असेल तर अशा मुलांची नावं ऑपरेशन करणाऱ्या रुग्णालयाने थेट तिथे कळवावीत. भरलेलं नसेल तर भरावं.

आणि डिस्चार्ज कार्डावर चार ओळी मराठीत: नळी किती नंबरची होती, किती दिवस होती, काढल्यावर रडणं कसं होतं, स्वरपट्ट्या बघितल्या की नाही.

ही शेवटची मागणी किरकोळ वाटेल. माझी मुलगी आता चार वर्षांची आहे. आवाज अजून जाड आहे, पण हजेरीला सगळ्यात आधी तीच ओरडते. तिच्या किडक्या दाढांसाठी येत्या महिन्यात भूल द्यायची आहे. भूलतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या वेळी श्वासनळीत कितीची ट्यूब घातली होती?" मी अख्खी फाइल घेऊन गेले होते, त्र्याहत्तर पानं. ते त्यात कुठेच नव्हतं.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका,
ता. जिंतूर, जि. परभणी