ई-पुस्तकांचा न वाचलेला ढीग

संपादक महोदय,

फुकट मिळतात म्हणून उतरवलेली ई-पुस्तकं फोनमध्ये शेकड्यांनी पडून राहतात. आळसापेक्षा यात फाइलच्या प्रकाराचा दोष मोठा. जुन्या मराठी पुस्तकांच्या अनेक पीडीएफ म्हणजे नुसते पानांचे फोटो. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ओळ न् ओळ मोठी करत, डावी-उजवीकडे सरकवत कोण वाचणार? ईपब या दुसऱ्या फाइल-प्रकारात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप पडद्यात बसतात. मिळत असेल तर तेच घ्यावं. स्कॅन केलेल्या पीडीएफचं ईपब करायला ती ‘कॅलिबर’ या फाइलचा प्रकार बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून भागत नाही, आधी ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) लागतं, आणि त्यात जोडाक्षरं बिघडतात. फोनवर ५ पुस्तकं पुरेत, बाकीची संगणकावर. उतरवतानाच फाइलला लेखक-शीर्षक नाव द्यावं. ‘स्कॅन००१७’ पुन्हा सापडत नाही. मराठी प्रकाशकांनीही ईपबच काढावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दादर